पूलचे बॉल खरे की नकली: नाव नंतर वाचा, आधी काटा काढा

टेबलावर काठीने खेळतात त्या पूलच्या सेटमध्ये सोळा बॉल असतात आणि कंपनीचं नाव बहुतेक वेळा त्यांतल्या एकावरच असतं, काठीने मारायच्या पांढऱ्या क्यू बॉलवर. नकली माल खपवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. एक बॉल नीट छापला, खोका बरा काढला की त्याचं काम झालं. उरलेल्या पंधरांचे रंग बघून गिऱ्हाईक खूश होतं. म्हणून तपासणी उलट्या टोकाने करावी: आधी ते पंधरा, नाव सगळ्यात शेवटी.

नक्कल होते ती नावाजलेल्या मालाची, आणि पूलमध्ये ते नाव म्हणजे अ‍ॅरामिथ. बेल्जियममधल्या कालनेल गावची सालुक कंपनी हे बॉल बनवते. ते फिनॉलिक रेझिनचे, म्हणजे बेकलाइटच्या कुळातले असतात. जुन्या घरांतले काळे गोल स्विच आठवा, तेच घराणं. (बेकलाइट १९०७ मध्ये शोधणारा लिओ बेकलंडही बेल्जियममधल्या घेंटचाच, पण शोध लागला अमेरिकेत.) स्वस्त बॉल पॉलिएस्टर रेझिनचे असतात. पॉलिएस्टर विकणं ही फसवणूक नव्हे. घरच्या छोट्या टेबलाला ते पुरतात. फसवणूक होते ती पॉलिएस्टरला फिनॉलिकचं नाव आणि किंमत लावली की. फरक काही महिन्यांतच दिसतो. जोरात मारलेला क्यू बॉल कापडावर घसरतो, तेव्हा टेकलेल्या बिंदूवर क्षणभर भयंकर उष्णता तयार होते. सालुक हा आकडा २५० अंश सेल्सिअस सांगते. फिनॉलिक ती सोसतं. पॉलिएस्टरवर बारीक भाजल्याचे डाग पडत जातात, चकाकी जाते आणि तो खरबरीत पृष्ठभाग मग कापड खायला लागतो.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा, कारण तोच सर्वांत जास्त चकवतो: क्यू बॉल अस्सल, बाकी पंधरा भलतेच. किंवा दोन-तीन जुन्या सेटमधून जुळवलेला जोडसेट. इथे नाव खरंच असतं, त्यामुळे नुसतं नाव वाचणारा इथे हमखास फसतो.

काय लागेल

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी वापरतात तसं), कागदाची पट्टी, दोरा आणि रुंद तोंडाचं पाण्याचं भांडं. बॉल आधी कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन, पुसून, तासभर एकाच खोलीत ठेवा. काठीच्या टोकाला लावतात त्या खडूचा थर आणि पॉलिशचं मेण वजनात फारसं येत नाही, पण छपाईच्या कडा झाकून टाकतं.

वजन

जागतिक पूल संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या नियमात बॉलचं वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे साधारण १५६ ते १७० ग्रॅम चालतं. ही पट्टी इतकी रुंद आहे की तिच्यात नकली बॉलही आरामात बसतो. ‘नियमात आहे’ म्हणून खूश होऊ नका. बघायचं ते आपसातलं अंतर.

सोळाही बॉल एकेक करून तोला आणि आकडे क्रमांकानुसार लिहून काढा. चांगल्या नव्या सेटमध्ये सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांच्यात एक-दोन ग्रॅमपलीकडे फरक नसावा. चार-पाच ग्रॅम निघाला, तर एकतर सेट जुळवलेला आहे किंवा साच्यातच हलगर्जीपणा आहे. आकडे दोन गटांत पडतात का तेही पाहा. सगळे सॉलिड १६९च्या आसपास आणि सगळे स्ट्राइप १६४च्या आसपास, असा प्रकार दिसला की पट्ट्याचे आणि भरीव रंगाचे बॉल वेगवेगळ्या मिश्रणातून ओतलेत असं समजा.

फक्त क्यू बॉलच वेगळा निघाला तर घाई नको. तो प्रत्येक फटक्यात असतो, म्हणून सगळ्यांआधी झिजतो. उलट तो जास्त जड किंवा मोठा असेल तर एक चुंबक लावून बघा. नाणं टाकून खेळायच्या टेबलांना क्यू बॉल वेगळा ओळखावा लागतो, म्हणून त्यांच्यासाठी धातू घातलेले किंवा आकाराने मोठे क्यू बॉल मिळतात. तो बॉल नकली नसतो, चुकीच्या टेबलाचा असतो.

व्यास, आणि वजनाशी त्याचा हिशेब

नियमातला व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर, वरच्या बाजूला ०.१२७ मिलिमीटरची सूट. कॅलिपरच्या जबड्यात बॉल हलकेच धरून फिरवा आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या, कारण गोलाच्या मधोमध नेमकं पकडणं पहिल्या खेपेला जमत नाही. प्रत्येक बॉल तीन दिशांनी मोजा: क्रमांकावरून क्रमांकावर, त्याला काटकोनात, आणि उरलेल्या तिसऱ्या बाजूने. बाजारातल्या कॅलिपरचाच दोष दोन-तीन शतांश मिलिमीटर असतो, तेव्हा ०.०१च्या फरकावरून कुणाला दोष देऊ नका. एकाच बॉलच्या तीन मापांत ०.०८ किंवा ०.१ दिसलं, तर तो गोल राहिलेला नाही. नव्या सेटमध्ये ते खपवून घेऊ नये.

आता दोन आकडे एकत्र आणा, कारण बोलतात ते एकत्रच. ५७.१५ मिलिमीटरच्या बॉलचं आकारमान ९७.७ घन सेंटिमीटर. तो १६८ ग्रॅमचा असेल तर घनता १.७२ येते, आणि फिनॉलिक बॉल १.७च्या आसपासच असतात. व्यास ०.१ मिलिमीटरने घटला की वजन जेमतेम ०.९ ग्रॅमने उतरतं. म्हणजे वापरलेला बॉल ०.३ने झिजला असेल तर तो अडीच-पावणेतीन ग्रॅम हलका असणं ठीकच. पण व्यास पुरा आणि वजन मात्र आठ ग्रॅम कमी, असं असेल तर ती झीज नाही, माल वेगळा आहे. ‘जुना आहे ना, म्हणून हलका’ या विक्रेत्याच्या उत्तराला हा हिशेब पुरेसा आहे.

कॅलिपर नसेल किंवा त्याच्यावर भरवसा नसेल, तर पाण्याने आकारमान काढा. भांड्यात पाणी घालून ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. (भांडं, पाणी आणि बॉल मिळून काट्याची क्षमता ओलांडू नये.) बॉल दोऱ्याच्या बारीक जाळीत घालून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरा हातात धरण्यापेक्षा वर आडव्या पट्टीला बांधा. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजेच घन सेंटिमीटर. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर असेल तर पूर्ण मापाच्या बॉलला ९७.७ऐवजी ९७.३ दिसेल, ते बरोबर आहे. बॉलला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा. चुकीचा आकडा येतो तो त्यांच्यामुळे किंवा बॉल तळाला टेकल्यामुळे. पंधराही बॉलची घनता दुसऱ्या दशांशापर्यंत जवळजवळ सारखी यायला हवी.

सावध राहायची गोष्ट एवढीच की पॉलिएस्टरमध्ये खनिज भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. घनता जुळली नाही तर माल नक्की वेगळा. जुळली म्हणून अस्सल ठरत नाही. पुढच्या तपासण्या त्यासाठीच.

भिंगाखाली

अस्सल बॉलमध्ये पट्टा आणि क्रमांक रेझिनमध्येच ओतलेले असतात, वरून छापलेले नसतात. क्रमांकाच्या पांढऱ्या वर्तुळाच्या कडेवरून नख हळू फिरवा. अडखळलं तर वर काहीतरी चढवलेलं आहे. भिंगातून कडा पाहा: एकाच रेषेत स्वच्छ तुटलेला रंग हवा. रंग पसरलेला, कडेला दाते आलेले किंवा वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसले, तर ती छपाई. वापरलेल्या सेटमध्ये हे आणखी सोपं जातं, कारण छापलेला आकडा कुठे ना कुठे पुसट झालेला असतोच. ओतलेला आकडा बॉलबरोबर झिजतो आणि तसाच काळा राहतो.

प्रत्येक रंगीत बॉलवर क्रमांक दोनदा, समोरासमोरच्या बाजूंना आणि एक उलटा असतो. ६ आणि ९ खाली रेघ असते. पंधराही बॉल ओळीने मांडून आकड्यांची जाडी आणि वर्तुळांचा आकार ताडून पाहा. १चा आकडा १०, ११, १२मध्येही आहे, म्हणून अक्षरवळण त्याच्यावरून जुळवणं सोपं. जोडसेट इथे हमखास पकडला जातो. पट्ट्यांची रुंदीही नऊपासून पंधरापर्यंत एकच हवी.

अ‍ॅरामिथच्या प्रो-कप क्यू बॉलवर सहा लाल ठिपके असतात, आणि सर्वाधिक नकला याच बॉलच्या दिसतात. त्याला कागदाची पट्टी लावा. ५७.१५ मिलिमीटर व्यासाच्या बॉलचा घेर १७९.५ मिलिमीटर होतो. तेवढी अरुंद पट्टी कापून दोनदा दुमडा आणि चार सारख्या भागांच्या घड्या पाडा. प्रत्येक भाग ४४.९ मिलिमीटरचा. पट्टी चार ठिपक्यांच्या मध्यावरून गुंडाळली तर प्रत्येक घडी एका ठिपक्याच्या मध्यावर बसायला हवी. मग बॉल फिरवून उरलेल्या दोन ठिपक्यांवरूनही तेच करा. दीड-दोन मिलिमीटरची चूक डोळ्याला कळत नाही, घडीला कळते.

टेबलावर

बॉल टेबलावर अगदी हळू, थांबायच्या बेताने सोडा. शेवटच्या हातभरात तो वळला तर लगेच बॉलला दोष देऊ नका, आधी उलट दिशेने सोडा. दोन्ही वेळा टेबलाच्या एकाच बाजूला ओढला गेला तर टेबल उतरतं आहे. बॉल हातात फिरवून वेगवेगळ्या बाजूंनी सोडल्यावर वळण्याची दिशाही बदलत असेल, तर बॉलचा गुरुत्वमध्य मधोमध नाही.

आवाजाबद्दल फार बोललं जातं. दोन फिनॉलिक बॉल आपटले की आवाज टणक, तोकडा आणि उंच येतो; पॉलिएस्टरचा जरा बसका. पण हा कान तुलनेशिवाय चालत नाही. खात्रीचा एक बॉल हाताशी असेल तरच ही तपासणी करा, आणि बॉल टेबलावरच आपटा. फरशीवर टाकून बघणाऱ्यांना उत्तर मिळतं, पण टवका उडालेल्या बॉलच्या रूपात.

न करायच्या गोष्टी

तापलेली सुई टोचून बघू नका. फिनॉलिक वितळत नाही हे खरं, पण बॉलसाठी वापरतात ते पॉलिएस्टरही घट्ट झाल्यावर वितळत नाही, त्यामुळे सुई दोन्हीकडे सारखंच उत्तर देते आणि वर बॉल भोकाचा होतो. मिठाच्या पाण्यात तरंगवण्याची युक्ती गोल्फच्या बॉलसाठीची आहे. मीठ कितीही घातलं तरी पाण्याची घनता १.२च्या आसपास अडकते आणि पूलचा बॉल बुडतोच.

काही गोष्टी संशयास्पद वाटतात, पण त्यांत खोट नसते. जुना पांढरा बॉल पिवळसर झाला असेल तर घाबरू नका, फिनॉलिक वयाबरोबर पिवळं पडतं. उलट वीस वर्षांचा म्हणून विकलेला सेट दुधासारखा पांढरा असेल तर प्रश्न विचारावा. टीव्हीवरच्या सामन्यांसाठीच्या प्रो-कप सेटमध्ये ४ जांभळ्याऐवजी गुलाबी आणि ७ फिकट तपकिरी असतो, कॅमेऱ्याला ओळखता यावा म्हणून. आणि क्रमांकाभोवती बाणासारखी नक्षी असलेला ब्रन्सविक सेंटेनियल सेट अ‍ॅरामिथ नाव नसतानाही सालुकच बनवते.

स्नूकरवाल्यांसाठी

हीच पद्धत, आकडे वेगळे. व्यास ५२.५ मिलिमीटर, सूट दोन्ही बाजूंना ०.०५, आणि पूर्ण सेटमधल्या बॉलच्या वजनात ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. ‘१ जी’ म्हणून विकला जाणारा सेट असेल तर बावीसही बॉल एका ग्रॅमच्या आत बसले पाहिजेत. ते घरी बसून दहा मिनिटांत कळतं.

पार्सल आल्यावर

ऑनलाइन मागवलेला खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि त्याच व्हिडिओत सोळा बॉलची वजनंही घ्या. नंतर काढलेल्या फोटोंवर विक्रेता ‘बॉल बदलले असतील’ म्हणतो. बिलावर नुसतं ‘पूल बॉल सेट’ नको. कंपनी आणि मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या, कारण ते नसेल तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पैसे परत मिळाले नाहीत आणि नकली सेटवरच खेळायचं ठरवलंत, तर त्याच्याबरोबर बाहेरून आणलेला जड क्यू बॉल वापरू नका. क्यू बॉल बाकीच्यांपेक्षा जड झाला की धडकेनंतर पुढे जास्त जातो (फॉलो) आणि ड्रॉ, म्हणजे बॉल मागे खेचायचा फटका, मारताना तो मागे यायलाच तयार होत नाही. तो मूळ पंधरांच्या वजनाला जुळेल असाच ठेवा.