काळ्या मातीतील स्नॅपड्रॅगन आणि मर रोगाचा बंदोबस्त

रोपवाटिकेत डॉग फ्लॉवर या नावानेही मिळणारे स्नॅपड्रॅगन हे थंडीचे फूल आहे. विदर्भात त्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच मानवणारा काळ मिळतो आणि मार्चचे ऊन तापू लागले की त्याचा बहर ओसरतो. हंगाम इतका आखूड असल्यामुळे मध्येच मर लागली, म्हणजे झाड कोमेजून वाळू लागले, तर पुन्हा लावणी करून फुले घेण्याइतका अवधी उरत नाही. म्हणून मर रोगाचा विचार आदल्या उन्हाळ्यातच करावा.

आपली काळी भारी जमीन कपाशीला मानवते, परंतु ती पाणी धरून ठेवते आणि अशा ओलीत स्नॅपड्रॅगन, ॲस्टर, शेवंती यांची मुळे लवकर कुजतात. त्यामुळे सपाट वाफ्याऐवजी सुमारे 20 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. चार घमेली वाळू टाकून भारी माती सुधारत नाही. त्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत भरपूर घालावे. एप्रिलच्या अखेरीस वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरावे आणि त्याच्या कडा मातीत पुरून चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. ज्या उन्हाला आपण एरवी नावे ठेवतो, तेच येथे वरच्या थरातील बुरशी बरीचशी मारते. प्लॅस्टिक काळे घेऊ नये, कारण ते स्वतः तापते आणि खालच्या मातीपर्यंत उष्णता कमी पोहोचते.

पेरणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरमध्ये करावी. बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये पाच हजारांहून अधिक दाणे भरतात, म्हणून ते कोरड्या रेतीत मिसळून विरळ पेरावे. उगवणीस उजेड लागत असल्याने त्यावर माती न टाकता ते नुसते दाबावे आणि पाणी फवाऱ्यानेच द्यावे. दाट पेरलेली, सतत चिंब ठेवलेली रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. रोपांना चार ते सहा पाने आली की 25 ते 30 सेंटिमीटर अंतरावर लावावी. पुढे 8 ते 10 सेंटिमीटर उंचीवर शेंडा खुडल्यास फुटवे वाढतात, आणि उंच जातींना पऱ्हाटीच्या सरळ काड्यांचा आधार चांगला होतो.

लावणीपूर्वी 100 किलो शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी) मिसळून ते सावलीत आठ-दहा दिवस ओलसर ठेवावे आणि मग वाफ्यात घालावे.

एवढे करूनही झाड माना टाकू लागले, तर लगेच पाणी सोडू नये. दुपारी मलूल झालेले झाड पहाटे टवटवीत दिसले, तर तो केवळ उन्हाचा ताण असतो. पहाटेही ते तसेच असेल आणि माती ओली असेल, तर मात्र झाड मुळासकट उपटून पाहावे. मुळाची साल बोटांनी ओढताच निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, तर ती पाणी साचल्याने झालेली कुज आहे. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशी समजावी. खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या, तर बहुधा फ्युजेरियम किंवा व्हर्टिसिलियम ही मर आणणारी बुरशी असते. शेजारचे झेंडू, डहेलियाही मरत असतील, तर त्यांच्या खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबता धरावा. काही मिनिटांत दुधाळ धागे उतरू लागले, तर रोग जिवाणूजन्य आहे. मुळे पोखरलेली असतील, तर वाळवीचाही संशय घ्यावा.

मर लागलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाही. कुज असल्यास पाणी तोडावे, वाफ्यालगतचा पाणी निघण्याचा चर मोकळा करावा आणि शेजारच्या निरोगी झाडांच्या बुंध्याशी 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (ताम्रयुक्त बुरशीनाशक) मिसळून आळवणी करावी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतावे. ट्रायकोडर्मा मात्र त्याच्यासोबत देऊ नये, कारण ताम्रयुक्त औषधाने ती उपयुक्त बुरशीही मरू शकते. रोग जिवाणूजन्य निघाला, तर त्या वाफ्यात वांगी, टोमॅटो, मिरचीही घेऊ नये. उपटलेले झाड उकिरड्यावर टाकल्यास तोच रोग पुढच्या वर्षी खतासोबत परततो. ते वाळवून जाळावे आणि त्या जागी वापरलेले खुरपे धुऊन, उन्हात वाळवूनच दुसऱ्या वाफ्यात न्यावे.