जुनी नेक्सॉन ईव्ही घेताना या चुका टाळा

टाटा नेक्सॉन ईव्हीची पहिली आवृत्ती जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत 13.99 लाख रुपये होती. आज त्याच गाड्या सेकंड-हँड बाजारात बऱ्याच कमी पैशांत मिळतात आणि आजवर पेट्रोलची गाडी चालवलेली मंडळी त्यांच्याकडे वळत आहेत. अडचण अशी की, ही मंडळी गाडी पेट्रोलच्याच सवयीने तपासतात: किलोमीटर किती झाले, रंग कुठे पुन्हा मारला आहे, टायर कसे आहेत. इलेक्ट्रिक गाडीची खरी किंमत मात्र तिच्या बॅटरीत आणि त्या बॅटरीच्या उरलेल्या वॉरंटीत असते.

किलोमीटर पाहणे, तारीख न पाहणे

या गाडीच्या बॅटरीला आणि मोटरला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर वॉरंटी होती, आणि हा काळ पहिल्या ग्राहकाच्या खरेदीपासून मोजला जातो. मार्च 2020 मध्ये विकली गेलेली गाडी मार्च 2028 मध्ये वॉरंटीबाहेर जाईल, तर तशीच दिसणारी 2022 च्या अखेरची गाडी 2030 च्या अखेरीपर्यंत वॉरंटीत राहील. म्हणून 30,000 किलोमीटर झालेल्या 2020 च्या गाडीपेक्षा 70,000 किलोमीटर झालेली 2022 ची गाडी माझ्या मते अधिक शहाणपणाची खरेदी आहे. विक्रेते नेमके उलटे सांगतात. वॉरंटी संपल्यानंतर बॅटरी बदलावी लागली, तर खर्च काही लाखांत जातो आणि गाडी स्वस्त घेतल्याचा सगळा हिशेब तिथेच कोलमडतो.

व्यवहारापूर्वी चेसिस क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे. सर्व्हिसच्या नोंदी, आधी बॅटरी बदलली गेली आहे का, सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावे चालू राहील का, हे सर्व लेखी घ्यावे. गाडी रॅम्पवर चढवून तळही पाहावा, कारण बॅटरीचे कवच मजल्याखाली असते आणि तिथे मोठा पोचा पडलेला असेल किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

डॅशबोर्डवरच्या रेंजवर विसंबणे

एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत या गाडीची रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये कापता येणारे अंतर, 312 किलोमीटर आली होती. रस्त्यावर नवी असतानाही ती साधारण दोनशेच्या आसपासच मिळत असे. डॅशबोर्डवरचा आकडा अलीकडच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो, त्यामुळे आठवडाभर शहरात हळू चालवलेली गाडी ग्राहकापुढे आपोआप चांगली दिसते.

त्यापेक्षा हिशेब स्वतः मांडावा. गाडी घरगुती चार्जरवर 100 टक्के चार्ज करून 20 टक्क्यांपर्यंत चालवावी आणि किलोमीटर व सरासरी वापर टिपून घ्यावा. समजा 150 किलोमीटर झाले आणि सरासरी वापर किलोमीटरमागे 140 वॉट-तास दिसला, तर 80 टक्क्यांत 21 युनिट (एक युनिट म्हणजे 1,000 वॉट-तास) खर्च झाले, म्हणजे पूर्ण बॅटरीत सुमारे 26 युनिट आहेत. कागदावर ही बॅटरी 30.2 युनिटची असली, तरी त्यातला काही भाग यंत्रणा राखून ठेवते, त्यामुळे 26 हा आकडा वाईट नाही. तो 22 च्या आसपास आला, तर किंमत चांगलीच खाली आणावी किंवा गाडी सोडून द्यावी.

याच चाचणीत आणखी एक दोष हाती लागतो. टक्केवारी 25 पर्यंत सावकाश उतरते आणि तिथून एकदम 10 वर येते, असे झाले तर सेल असमतोल झाले आहेत किंवा एखादा सेल कमजोर आहे असे समजावे. या बॅटरीतील लोह-फॉस्फेट सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे शिल्लक चार्जचा अंदाज बांधणे यंत्रणेला मुळातच अवघड जाते. गाडी नेहमी फास्ट चार्जिंगवरच वापरली गेली असेल, तर ही चूक साचत जाते. दोन-चार वेळा सावकाश 100 टक्के चार्ज केल्यावर हे सुधारले, तर उत्तम. नाही सुधारले, तर तो वॉरंटीचा विषय आहे.

प्रत्येक बिघाड मोठा समजणे

गाडी सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चार-पाच इशारे एकदम पेटले, की मालक मोठ्या बॅटरीच्या काळजीने घाबरून जातो. पुष्कळदा दोष 12 व्होल्टच्या साध्या बॅटरीत असतो. तिच्यावरच सगळी नियंत्रणे चालतात आणि ती उतरली, की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ती काही हजारांत बदलून मिळते, म्हणून टो-व्हॅन बोलावण्यापूर्वी तिचा व्होल्टेज तपासून घ्यावा.

चार्जिंग होत नसेल, तर गाडीला दोष देण्याआधी घराचे अर्थिंग पाहावे. जुन्या इमारतींत ते नावालाच असते आणि चार्जर ते ओळखून चार्जिंग नाकारतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. आठ-नऊ तास सलग भार घेणाऱ्या 15 अँपिअरच्या सॉकेटसाठी स्वतंत्र एमसीबी आणि जाड तांब्याची तार टाकून घ्यावी. एक्स्टेन्शन बोर्ड कदापि वापरू नये. गाडीसोबत मिळणारी चार्जिंगची केबल विक्रेत्याकडून न चुकता मागून घ्यावी, ती वेगळी घेणे महाग पडते.

खर्चाचा अर्धाच हिशेब मांडणे

घरी दहा रुपये युनिट धरले, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून पूर्ण चार्जला साधारण 340 रुपये लागतात, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत. तेच चार्जिंग वीस रुपये युनिट आणि वर 18 टक्के जीएसटी या दराने बाहेर केले, तर खर्च साडेतीन रुपयांच्या पुढे जातो. ज्यांना सोसायटीत चार्जिंगची सोय मिळणार नाही, त्यांनी गाडी घेण्याआधीच हा फरक ध्यानात घ्यावा. टायरही लवकर झिजतात, कारण गाडी जड आहे आणि मोटरचा जोर तत्काळ मिळतो. मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने ब्रेक फार वापरले जात नाहीत, त्यामुळे कोकणातल्या दमट हवेत डिस्कवर गंज चढतो, तो अधूनमधून साफ करून घ्यावा लागतो.

विम्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. साध्या पॉलिसीत बॅटरीच्या भरपाईतून 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, त्यामुळे अपघातात बॅटरीचे नुकसान झाल्यास अर्धा भार मालकावर येतो. शून्य घसारा संरक्षण घ्यावेच, पण गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असल्यास ते देण्यास अनेक कंपन्या नकार देतात. म्हणून सौदा ठरवण्याआधीच विम्याचे दरपत्रक मागवावे. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या मालकाला मिळत नाही, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीपासून 14 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. गाडी डीलरकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर जानेवारी 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे, व्यक्तीकडून घेतल्यास तो लागत नाही. विक्रेत्याने कर्जावर घेतलेली गाडी असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नोंदणीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.