शिष्यवृत्तीचे कागद वेळेत कसे जमवावेत, आणि तारीख हुकलीच तर काय करावं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी दरवर्षी पोरापोरींचे महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, अर्ज भरून देतो. शेवटच्या दिवशी कुणी धावत येतं तेव्हा एखादाच कागद कमी असतो, आणि बहुतेक वेळा तो उत्पन्नाचा दाखला असतो. तारीख पोर्टलवर नंतर संपते, पण ती हुकलेली असते जूनमध्येच, पेरणीच्या गडबडीत.

१. आधी दाखले, मग अर्ज

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून नवा एप्रिलमध्येच काढायला घ्या. आधी पटवाऱ्याकडून, म्हणजे तलाठ्याकडून, उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा. मग तो अहवाल, रेशनकार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र घेऊन सेतूत, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या केंद्रात, जायचं. पटवाऱ्याकडे एकापेक्षा जास्त गावं असतात, त्यामुळे तो कोणत्या दिवशी कुठे बसतो हे कोतवालाला विचारूनच निघा. नाहीतर एका सहीपायी दोन दिवसांची मजुरी बुडते.

हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. सेतूतली पावती फेकू नका. मुदत उलटली तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, आणि त्यासाठी हीच पावती लागते.

जात वैधता प्रमाणपत्राचं काम मात्र बारावीच्या निकालापर्यंत ठेवूच नका, अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. यात वेळ जातो तो जुना पुरावा शोधण्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाबहिणींपैकी कुणी गेलं होतं का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती माणसं आहेत तोवरच ते कळतं.

२. नावं जुळवून घ्या

आधार, मार्कशीट, टीसी आणि पासबुक एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न अक्षर वाचा. एकाच बापाचं नाव आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि टीसीवर ‘ग्यानेश्वर’ असलेलं मी कितीदा पाहिलंय. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच करा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हेही त्याच सुट्टीत बँकेत जाऊन विचारा.

३. मोबाईल नंबर स्वतःचाच द्या

माझ्या भाचीचा अर्ज कॉलेजच्या टेबलावरून ‘सेंड बॅक’ झाला होता. कारण क्षुल्लक होतं, मार्कशीटचा फोटो पुसट आला होता. पण अर्जात नंबर होता फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा. मेसेज त्याच्याकडे गेला आणि आम्हाला कळलं दिवाळीच्या सुट्टीत, मुदत संपल्यावर. त्या वर्षीची फी भरायला बहिणीने भाव वाढायची वाट न पाहता खेडा खरेदीत, म्हणजे गावातच येणाऱ्या व्यापाऱ्याला, कापूस देऊन टाकला. ते अजूनही मला लागतं.

म्हणून अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे सुटलो असं समजू नका. यूजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, दर आठवडी बाजाराच्या दिवशी लॉगिन करून अर्ज कुठे पोचला ते पाहा. परत आलेला अर्ज त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला नूतनीकरणाचा अर्जही करावाच लागतो, आपोआप काही होत नाही.

४. तारीख हुकली तर

घरी बसून राहू नका आणि कॉलेज तर सोडूच नका. आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाला भेटा. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते, फक्त तिच्या भरवशावर राहू नये. तोवर फी हप्त्याहप्त्याने भरू द्यावी, असा अर्ज प्राचार्यांना द्या. फी थकली म्हणून कुणी मूळ मार्कशीट ठेवून घेत असेल, तर मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्येच बजावलंय, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

त्यानंतर लेखी अर्ज घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात जा. अनुसूचित जातीच्या मुलांनी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जायचं. आदिवासी मुलांनी पांढरकवडा, धारणी, अहेरी असं आपलं प्रकल्प कार्यालय गाठायचं. अर्जात उशिराचं खरं कारण आणि तारखा लिहा, सेतूची पावती जोडा. दोन प्रती न्या. एक तिथे द्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.