उजळाईवाडी ते सांबरा: नकाशातल्या अंतरावर जाऊ नका

कोल्हापूरच्या विमानाची वेळ जुळली नाही की आपण बेळगावचं तिकीट बघतो. पण दोन विमानतळांमधलं अंतर शोधल्यावर कधी कधी ९५ किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. ते सरळ हवाई अंतर. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून, कागल, निपाणी, संकेश्वरमार्गे गाडी सांबऱ्याला, म्हणजे बेळगाव विमानतळावर, पोचेपर्यंत साधारण ११५ किलोमीटर होतात.

खरा वेळ शेवटी जातो. बेळगावला महामार्ग सोडून पूर्वेला वळावं लागतं, विमानतळ त्या अंगाला, गावापासून दहाएक किलोमीटरवर. शिवाय कोगनोळी आणि हत्तरगीला टोल, तवंदी घाटात ट्रकांमागे रांग. म्हणून अडीच तास प्रवासाचे आणि वर अर्धा तास राखीव धरा. अकराचं विमान असेल तर साडेसहाला घर सोडाच, म्हणजे हाताशी दीड तास उरतो.

एसटीनं जाणार असाल तर ती बेळगाव बसस्थानकापर्यंतच, पुढे रिक्षा. सोबत म्हातारी माणसं असतील तर मी तरी सरळ घरापासून गाडीच करेन. आणि फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, हे आदल्या रात्रीच बघा.