ग्रामसभेला पोरं येत नाहीत? आधी या चुका टाळा

1 मेचं झेंडावंदन उरकतं. शाळेतल्या मुलांच्या हातात निकाल पडतात, खाऊ वाटला जातो आणि माईकवरून आवाज येतो, "आता ग्रामसभा आहे, कुणीही जाऊ नये." तोवर पाराजवळच्या मोटारसायकली चालू झालेल्या असतात. मग मंडपात उरलेली तीसेक जाणती माणसं एकमेकांकडे बघून म्हणतात, "आजकालच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही."

हे खरं नाही. हीच पोरं गणपतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा करतात आणि विसर्जनानंतर तिचा हिशोब रुपयागणिक फळ्यावर लिहितात. क्रिकेटच्या स्पर्धा भरवतात, त्यात पंचाच्या निर्णयावरून झालेली भांडणंही तेच मिटवतात. मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो. पुढे ज्या चुका सांगतोय, त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या आहेत.

पोरांना खुर्च्या मांडायला बोलावणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती चूक वाटतच नाही म्हणून वर्षानुवर्षं चालते. स्वच्छता अभियान आलं, बोलवा पोरांना. वृक्षारोपण आहे, खड्डे पोरांनी काढायचे, फोटोत रोप पुढाऱ्यांनी धरायचं. साहेबांचा दौरा आहे, मंडप, स्पीकर, सूत्रसंचालन पोरांकडे. काम भरपूर देतो आपण, पण ठरवायला काहीच देत नाही. दोन-तीनदा असं झालं की पोरगं शहाणं होतं. "काका, शूटिंगला आलोय" म्हणून फोन कट करतं.

आमच्याकडे फरक पडला तो दिवाबत्तीच्या विषयावरून. सदस्यांच्या बैठकीत दरवेळी तोच वाद व्हायचा, कुणाच्या वॉर्डात जास्त दिवे. एकदा वैतागून आम्ही पाच पोरं आणि दोन मुलींना सांगितलं, रात्री फिरून सगळे खांब मोजा, कुठला चालू, कुठला बंद, ते लिहून आणा. आणि यंदा पैसे आहेत तेवढ्यात कुठले दिवे आधी लावायचे ते तुम्हीच सांगा, आम्ही तोच क्रम मासिक सभेपुढे ठेवू. चार रात्रीत वहीत नकाशा काढून आला. यादीतला पहिला नंबर सदस्य ज्यांवरून भांडत होते त्या दिव्यांतला नव्हता. तो होता एसटी थांब्यापासून वस्तीकडे जाणाऱ्या वळणावरचा, संध्याकाळच्या गाडीनं उतरणाऱ्या कॉलेजच्या मुली जिथून चालत येतात तिथला. तो खांब बंद आहे हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं, कारण आम्ही तिथून गाडीवर जातो.

तेव्हा "तरुणांना सामील करून घ्या" असं मोघम बोलण्यापेक्षा एक लहान, पैशाला जोडलेला आणि दोन महिन्यांत डोळ्यांना दिसेल असा निर्णय त्यांच्या हातात द्या. आणि एकदा दिला की फिरवू नका. त्यांनी दिलेला क्रम सभेत उलटापालटा केलात तर पुढची पाच वर्षं त्यांना बोलवायला जाऊ नका, येणार नाहीत.

नोटीस अशी लिहिणं की वाचूनही काही कळू नये

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती लागतेही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, जिथे दाखल्याचं काम असल्याशिवाय कुणी फिरकत नाही. कोतवाल किंवा शिपाई दवंडी देतो, ती वस्तीपर्यंत पोचत नाही. हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो. त्यात काय असतं? मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्चास मंजुरी देणे. विकासकामांवर चर्चा करणे. आयत्या वेळी येणारे विषय.

वीस वर्षांच्या मुलानं यातलं काय ऐकायला यावं?

कार्यालयीन भाषा कागदावर राहू द्या, ती लागतेच. पण ग्रुपवर टाकताना खाली दोन ओळी साध्या मराठीत लिहा: "दोन लाख शिल्लक आहेत. स्मशानभूमीची शेड करायची की शाळेमागची गटार? दोन्ही होणार नाही. रविवारी दहाला हात वर करून ठरेल." भांडायला का होईना, लोक येतात. खरी मेख "आयत्या वेळच्या विषयां"त असते. महत्त्वाचं सगळं तिथे ढकललं की आधी कळतच नाही, आणि पोरांना हे पहिल्या सभेतच समजतं.

कोरम भरला नाही म्हणून हुश्श करणं

महाराष्ट्रात ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या हजर लागते, यालाच कोरम म्हणतात. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात पुढच्या वेळी पंधरा माणसं बसून गावाचा विकास आराखडा मंजूर करू शकतात, तोही कायदेशीर. काही गावांत हा अपघात नसतो, सवय असते.

पोरांना हे एकदा सांगून बघा. "शंभर जण आणलेत तर पहिल्याच सभेत निर्णय होईल, नाही आणलेत तर आम्ही पंधरा जण ठरवू." मंडळाच्या मुलांना शंभर माणसं जमवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. मात्र एक लक्षात घ्या, तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय चालतात. तिथे नवीन मागणी घेऊन आलेल्या पोराला "हे आज घेता येणार नाही" म्हणावं लागतं. का, ते नीट सांगा, नाहीतर त्याला वाटेल आपल्याला गुंडाळलं.

"बसत नाही" एवढंच सांगून गप्प बसवणं

ही चूक मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण इथेच हुशार पोरं गळतात.

पोरं व्यायामशाळा मागतात. ग्रामसेवक (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं) सांगतात, "त्यात बसत नाही." पोरांच्या दृष्टीनं ही टोलवाटोलवी. पण बऱ्याचदा ते खरंच बसत नसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचंच घ्या. 2021-22 पासून त्यातला 60 टक्के भाग बंधित होता: पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च. अबंधित 40 टक्क्यांतून बाकीचं गाव चालवायचं. त्याखेरीज ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर. त्यातूनही काही टक्के महिला-बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांग यांच्यासाठी बाजूला काढावे लागतात. एवढं कागदावर मांडून दाखवलं की पोरं व्यायामशाळेवरून हटत नाहीत, पण प्रश्न बदलतो. "मग घरपट्टीची थकबाकी किती आहे?" असं विचारतात. हा प्रश्न विचारणारा पोरगा ग्रामपंचायतीला दहा सदस्यांपेक्षा उपयोगी आहे. (कधीकधी थकबाकी त्याच्याच चुलत्याची निघते, ती गंमत वेगळी.)

केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुठल्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च कुणालाही बघता येतो. मोबाइल हातात असलेल्या पोरांना हे शिकवायला अर्धा तास लागतो. आपल्या गावाचं पान उघडून शेजारच्या गावाशी ताडून बघा म्हणावं. मग सभेत बोलायला शिकवावं लागत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव "आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. 2009 साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तेही माहीत असतं. पण त्या घोषणेमागे अभ्यासगट होते, याकडे कुणी फारसं बघत नाही. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं व्हायचा, पण त्याआधी विषय समजून घ्यायला लोक वेगळे बसायचे, तिथे फक्त अभ्यास व्हायचा, ठराव नाही. आपण उलटं करतो. अभ्यास शून्य आणि थेट माईक हातात. मग जो मोठ्यानं ओरडेल त्याचं खरं. ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी वाचनालयात आठ-दहा जण बसून पत्रिकेवरचा एक विषय उलगडून बघितला तरी पुष्कळ.

आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. पोरांना बोलवायचं तर तेव्हा. मार्चमध्ये पैसे संपवायच्या घाईत बोलावून उपयोग नाही.

नाव कुठल्या यादीत आहे हे न बघणं

ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. पुण्यात नोकरी लागली म्हणून नाव तिकडे हलवलेला पोरगा सभेत बसू शकतो, पण हात वर करू शकत नाही. आणि गावातच राहणाऱ्या किती तरी मुलांचं नाव कुठेच नसतं, कारण "अठरा पूर्ण झालं की टाकू" म्हणत ते राहून गेलेलं असतं. अठरा पूर्ण झालं का हे बघायला आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा वर्षाला चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. नमुना 6 भरायचा. बारावीच्या निरोप समारंभाला ग्रामपंचायतीनं पुष्पगुच्छांऐवजी हे अर्ज नेले तर एका दिवसात काम होतं.

मत द्यायला अठरा आणि सदस्य म्हणून उभं राहायला एकवीस. मधली तीन वर्षं शिकायला फुकट मिळालेली आहेत.

"पोरं" म्हणताना फक्त मुलगे डोळ्यांपुढे असणं

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी युवकांची समिती करायची म्हटलं की बारा नावं मुलग्यांची आणि तेराव्या जागी "एक मुलगी घेऊ." प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. अंगणवाडीत बचतगटाच्या बायका बसल्या असताना वही फिरते, झाली सभा.

"मुली काय, लग्न होऊन जाणार," असं तोंडावर बोललं जातं. बरं, जाणार. पण लग्न होऊन आलेल्या सुना तर आहेत ना? त्यातल्या काही पदवीधर आहेत, माहेरच्या गावी सभेत बोललेल्या आहेत. त्यांचं नाव यादीत चढलंय का, हे आधी बघा. आणि एखादी पंचविशीतली सून सदस्य म्हणून निवडून आली तर तिच्या नवऱ्याला बैठकीला खुर्ची देऊ नका. पहिल्या बैठकीत दिलीत की पाच वर्षं तोच बसतो.

सभेची वेळ

यावर फार बोलायचं नाही. चाकण, रांजणगाव, मुंबईला असलेली पोरं गावात येतात जत्रेला आणि दिवाळीला. वर्षातून किमान चार सभा घ्यायच्या आहेत, पाचवी घेऊ नका असं कायदा म्हणत नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी घ्या.

आता थोडं पोरांना

सगळा दोष जाणत्यांचा नाही. पहिल्याच सभेत मोबाइल उंच धरून "उत्तर द्या" म्हणत चित्रीकरण करायचं आणि संध्याकाळी रील टाकायची, यानं लाइक मिळतात, ठराव मिळत नाही. माहितीचा अधिकार वापरा, दहा रुपयांत होतो. पण आधी तोंडी विचारून बघा. प्रोसिडिंग (सभेचं इतिवृत्त) दाखवतात का, ते बघा. नाही दाखवलं तर अर्ज आहेच. आणि अर्जात "2015 पासूनची सर्व माहिती" मागू नका. एक काम, एक वर्ष, त्याचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) प्रत, एवढंच मागा. मिळालेलं वाचायला कुणीतरी शिकलेला हवा, स्थापत्य शाखेचा डिप्लोमा केलेला एकजण प्रत्येक गावात असतो.

सभेत मागणी केली म्हणजे ठराव झाला असं समजू नका. सूचक कोण, अनुमोदक कोण, शब्द काय लिहिले, हे उठण्याआधी वाचून घ्या. "चर्चा झाली" आणि "ठरले" यांत एका रस्त्याचा फरक असतो.

पॅनेलच्या युवा आघाडीत नाव घालताना जपून. निवडणुकीआधी सहा महिने तुम्ही गावाचे असता, नंतर अमक्या गटाचे. भावकीतली मतं जमवायला तुमचा उपयोग होतो, मग मात्र विरोधी गटातला तुमचा वर्गमित्रही तुम्ही काढलेल्या विषयावर मुद्दाम गप्प बसतो.

उभंच राहायचं ठरलं असेल तर अर्ज बाद होण्याची कारणं आधी तपासा. घरपट्टीची मागणी येऊन ती थकली आहे का? घराच्या लोकांनी सरकारी जागेवर अतिक्रमण केलंय का? ते तुमच्या अंगावर येऊ शकतं. 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पासचा दाखला लागतो. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचा अर्ज निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता करा. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही म्हणून पद गेलेले तरुण सदस्य दर तालुक्यात भेटतील.

आणि हरलात तरी निवडणूक खर्चाचा हिशोब निकालापासून 30 दिवसांत द्यावाच लागतो. "हरलो, आता कशाला" म्हणून तहसीलला न गेलेला उमेदवार पाच वर्षांसाठी अपात्र होऊ शकतो, म्हणजे पुढची निवडणूकही गेली. चहाच्या बिलापासून सगळं लिहून द्या आणि पोच घेऊन या.