बुलेटचा कॅम बदलण्याआधी: इनलेट कधी मिटतो ते बघा

कास्ट आयर्न इंजिनाची साडेतीनशे बुलेट माझ्याकडे आली तेव्हा मला कॅमबद्दल, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या फिरत्या भागाबद्दल, एकच गोष्ट ठाऊक होती: त्याचं बोंड (व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा) जितकं मोठं, तितकी ताकद जास्त. या एका समजुतीपायी मी एक पावसाळा आणि बऱ्यापैकी पैसे घालवले. इंजिनाच्या कामात नव्याने पडणाऱ्यांनी निदान तेवढे तरी वाचवावेत, म्हणून हे लिहितोय.

गाडीची तक्रार साधी होती. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना मागे बायको आणि टाकीवर सामानाची पिशवी असली की तिसऱ्या गिअरमध्ये दम धरत नसे. दुसरा टाकला की नुसता आवाज. चारच गिअर, त्यामुळे मधला पर्यायच नाही. म्हणजे मला हवी होती ती खालची ओढ, मिनिटाला दोन ते साडेतीन हजार फेऱ्यांच्या दरम्यानचा टॉर्क. मी विकत मात्र घेतला ‘परफॉर्मन्स कॅम’. डब्यावर दोनच आकडे होते, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) आणि 300 अंश ड्युरेशन (क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो). मूळ कॅम 270 चा होता. तीस अंश जादा मिळाल्याच्या आनंदात मी तो एका रात्रीत बसवला.

सकाळी पहिली किक मारली तेव्हाच कळायला हवं होतं. किक हलकी लागली. बुलेटची किक पायाला जो उलटा दाब देते, तो निम्म्यावर आल्यासारखा वाटला. मला वाटलं, वा, इंजिन मोकळं झालं! आयडलिंगला गाडी अडखळत होती, तेही कानाला बरं वाटलं. गगनबावड्याला पोचेपर्यंत मात्र तीन वेळा दुसरा गिअर टाकावा लागला. सपाट रस्त्यावर खूप पिळली की वरच्या फेऱ्यांत गाडी झकास पळायची, पण बुलेट तिथे चालवतो कोण? साठच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम तीन हजारांच्या आसपास असतं. तेही हिशेबाने काढावं लागतं, कारण या गाडीला फेऱ्यांचा काटाच नाही.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण कॅम निवडण्याची सगळी गोम इथेच आहे. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागतो तेव्हा इनलेट, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह, लगेच मिटत नाही, थोडा वेळ उघडाच राहतो. वरच्या फेऱ्यांत आत येणारी हवा जोरात असते, त्यामुळे पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते आणि उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह फायद्याचा ठरतो. खालच्या फेऱ्यांत हवेला तेवढा जोर नसतो. मग पिस्टन भरलेली हवा परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. जी हवा आत राहिलीच नाही, ती दाबणार कशी? किक हलकी झाली ती यामुळे.

माझ्या मूळ कॅमचा इनलेट टॉपच्या (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) 30 अंश आधी उघडायचा आणि बॉटमच्या (सर्वांत खाली असतो ती) 60 अंश नंतर मिटायचा. 30 अधिक 180 अधिक 60, झाले 270. नवीन कॅम 45 आधी उघडून 75 नंतर मिटत होता, म्हणून 300. आता या साडेतीनशेचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, आहे 90 मिलिमीटर. बॉटमनंतर 60 अंशांवर पिस्टन सुमारे 18 मिलिमीटर वर आलेला असतो, म्हणजे खरोखर दाबायला उरतात 72. 75 अंशांवर तो 28 वर आलेला असतो, उरतात 62. हिशेबासाठी कंप्रेशन रेशो (कागदोपत्री हवा किती पट दाबली जाते) 7 धरला, तर प्रत्यक्ष दाब मूळ कॅमने 5.8 पट आणि नव्याने 5.1 पट. मी पैसे मोजून कंप्रेशन कमी करून घेतलं होतं.

म्हणून टॉर्कसाठी कॅम बघताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: इनलेट बॉटमनंतर किती अंशांवर मिटतो? विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल तर तो कॅम घेऊ नका. लिफ्ट आणि एकूण ड्युरेशन दुय्यम. हार्लेवाल्यांचं मला बरं वाटतं. त्यांच्याकडे 1999 च्या ट्विन कॅम इंजिनात दोन-दोन कॅमशाफ्ट होते, पण तिथले कॅम बनवणारे उघडण्या-मिटण्याचे चारही आकडे छापतात. त्यातही एक खोच आहे. हार्लेचे आकडे बहुधा टॅपेट (बोंडावर टेकून वरखाली होणारा तुकडा) 0.053 इंच उचलल्यावरचे असतात, मोटारींच्या कॅमचे 0.050 इंचांवरचे, कुणी 1 मिलिमीटर धरतो, तर कुणी टॅपेट हलायला लागल्यापासूनच मोजतो. एकाच कॅमची ड्युरेशन या पद्धतींत तीस-चाळीस अंशांनी वेगळी दिसू शकते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना हे आधी तपासा.

दुसरी चूक मला आणखी झोंबली. मूळ कॅम मी न मोजताच काढून टाकला होता. महिन्याभराने डबा उघडून डायल गेज (बारीक अंतर मोजायचं काट्याचं मापक) लावला, तर इनलेटचं बोंड वरून जवळपास अर्धा मिलिमीटर झिजलेलं. टॅपेटच्या तळाला बोट फिरवलं तर मध्ये खळगा लागत होता. म्हणजे घाटात गाडी मरत होती ती कंपनीच्या कॅममुळे नव्हे, झिजलेल्या कॅममुळे. त्या वेळी नवाकोरा मूळ कॅम आणि नवे टॅपेट बसवले असते तर अर्धं काम तिथेच झालं असतं. आजही कुणी टॉर्क वाढवायला म्हणून गाडी आणली तर मी आधी कंप्रेशन, पॉइंटचं (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचं) टायमिंग आणि कॅमची झीज बघतो. दहातल्या सहा-सात गाड्या तिथूनच परत जातात. गॅरेजच्या धंद्याला हे काही बरं नाही.

जुना कॅम घासून नवा आकार देणारेही भेटतील. एकाकडून मीही करून घेतला होता. कॅमचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो, घासताना तोच गेला आणि दोन-अडीच हजार किलोमीटरमध्ये बोंड बसलं. कॅमचं धातुकाम ही वेगळीच विद्या आहे. आपल्या सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स 1992 पासून मोटारींचे कॅमशाफ्ट बनवते. तिथे ओततानाच लोखंड बोंडाच्या जागी झटकन गार करून कडक करतात, त्याला चिल्ड कास्टिंग म्हणतात. हे वाचल्यावर गल्लीतल्या ग्राइंडरवर कॅमचा आकार बदलायचा नाद मी सोडला.

शेवटी बसवला तो कॅम 25 आधी उघडणारा, 55 नंतर मिटणारा, म्हणजे 260 चा. ड्युरेशन मूळ कॅमपेक्षाही कमी, लिफ्ट किंचित जास्त. मिटण्याच्या क्षणी पिस्टनला दाबायला सुमारे 75 मिलिमीटर उरतात. मग अजून लवकर का मिटवू नये? कमी वेळात तेवढंच उचलायचं तर बोंडाची बाजू उभी होते. या बुलेटचे टॅपेट सपाट तळाचे, त्यामुळे बोंडाची कड त्यांना खाते आणि खडखड वाढते. वरची फेरीही लवकर गुदमरते.

बसवण्यापूर्वी मोजा. डावीकडचं प्रायमरी कव्हर काढून क्रँकच्या टोकाला डिग्री प्लेट, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, लावायची. प्लगच्या भोकातून पिस्टन अडवून दोन्ही बाजूंच्या खुणा घ्यायच्या, त्यांचा मध्य म्हणजे खरा टॉप. नुसत्या डोळ्यांनी टॉप ठरवू नका, तिथे पिस्टन बरेच अंश जागचा हलतच नाही. डायल गेजचं टोक टॅपेटवर टेकवा. आकडे जमत नसतील तर कॅमचा दाता सरकवायचा मोह होतो. पण कॅमच्या चाकाला समजा 36 दाते असले, तर एक दाता म्हणजे कॅमचे 10 अंश आणि क्रँकचे 20. असला बदल टॉर्कसाठी कुणी करत नाही.

लिफ्ट वाढली असेल तर पिस्टनवर मुलांच्या खेळातल्या मातीची गोळी ठेवून हेड बसवा, हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि माती कापून जाडी बघा. इनलेटकडे दीड मिलिमीटर आणि एक्झॉस्टकडे दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर थांबा. पूर्ण उचलीला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, तेही पाहा. टॅपेट सेट करताना इंजिन गार हवं. पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारी काडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खेळता कामा नये. आणि विमा कंपनीला काय सांगायचं ते आधी ठरवा, कारण इंजिनात फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येऊ शकतं.

या कॅमवर कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक घर बदलून आणि पॉइंट नव्याने सेट करून करूळ घाट चढलो. दोन वळणं सोडली तर सगळा तिसऱ्यात. यातलं कॅमचं किती आणि पॉइंटचं किती, ते मला वेगळं काढता येणार नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी केलं. तुम्ही एका वेळी एकच बदला.

300 वाला कॅम अजून माझ्या फळीवर आहे. गॅरेजात नवीन पोरगा आला की त्याला तोच मोजायला देतो. पहिल्या खेपेला इनलेट मिटण्याचा आकडा पाच-सात अंशांनी चुकतो. क्रँक जरा पुढे गेली म्हणून त्याने ती मागे फिरवलेली असते, आणि दात्यांमधला खेळ त्याच्या हिशेबात नसतो. मग पुन्हा पहिल्यापासून, चालत्या दिशेनेच.