परकीय मदतकपातीवर बोलायला उभे राहताय? या चुका टाळा

सांगलीत कॉलेजच्या मुलांची वादविवाद स्पर्धेची तयारी मी गेली काही वर्षं करून घेते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेची परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली, तेव्हापासून 'मदतीला कात्री लावणं योग्य की अयोग्य' हा विषय या ना त्या शब्दांत येतच राहिलाय. मुलं तळमळीने बोलतात, पण ठरावीक जागी अडकतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बाहेरून आलेल्या प्रत्येक पैशाला मदत म्हणणं. जत तालुक्यातली एक मुलगी आजीची आठवण घेऊन आली होती. रेशनला तांबडी मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायची, पीठ चिकट नसायचं, भाकरी हातावरच चिरायची. "अमेरिकेनं आपल्याला फुकट जगवलं," म्हणून ती खाली बसली. प्रतिपक्षाने एवढंच विचारलं, "फुकट कशावरून?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. पीएल-४८० या अमेरिकेच्या १९५४ च्या कायद्याखाली आलेलं बरंचसं धान्य आपण रुपये मोजून घेतलं होतं. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले. १९७४ मध्ये अमेरिकेचे भारतातले राजदूत मॉयनिहन यांनी त्यातले १,६६४ कोटी धनादेशाने भारताला परत दिले. म्हणजे आधी विक्री, मग माफी. मधल्या दुष्काळी वर्षांत अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू हात आखडता घेऊनच सोडला होता. आजीची आठवण टाकून देऊ नका, ती खरीच आहे. फक्त तिच्यामागचा व्यवहार आधी शोधा: अनुदान, कर्ज की विक्री? कृष्णाकाठच्या पूरनियंत्रणासाठी येणाऱ्या जागतिक बँकेच्या पैशालाही आपल्याकडे सर्रास मदत म्हणतात. ते कर्ज आहे.

आकडे अंदाजाने फेकू नका. अमेरिकेत लोकांना विचारलं तर सरकारच्या खर्चातला सरासरी चौथा हिस्सा परदेशी मदतीवर जातो असं सांगतात. प्रत्यक्षात तो साधारण एक टक्का असतो.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक: 'कमी करणं' आणि 'मधेच तोडणं' एकाच पारड्यात टाकणं. आमच्याकडच्या म्हैसाळ सिंचन योजनेचं आवर्तन कमी होणार हे आधी कळलं तर शेतकरी पीक बदलतो. घड लागलेल्या द्राक्षबागेचं पाणी तोडलं तर बाग हातची जाते. ब्रिटनने मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं आधी जाहीर केलं. अमेरिकेत आधी सगळं गोठवलं, आणि मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी यूएसएड या परदेशी मदत वाटणाऱ्या सरकारी संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलं. या मदतीतून मिळणाऱ्या एचआयव्हीच्या गोळ्या खंडल्या की विषाणू पुन्हा वाढतो, तिथे नव्वद दिवस फार मोठे असतात. कपातीच्या बाजूने बोलणाऱ्यानेही हा फरक स्वतःहून मांडावा. "कमी करा, पण मुदत देऊन" हे वाक्य खोडायला समोरच्याला घाम फुटतो.

कपातीच्या बाजूला कच्चं समजू नका. मदतीचा बराच पैसा देणाऱ्या देशाच्याच कंत्राटदारांकडे जातो, आणि घेणारं सरकार आपल्या दवाखान्यांची जबाबदारी टाळायला शिकतं, हे आक्षेप वजनदार आहेत. त्यांना "माणुसकी नाही का?" हे उत्तर पुरत नाही.

व्हॉट्सॲपवरचा मुद्दा थेट स्टेजवर नेऊ नका. भारतातल्या मतदानासाठी अमेरिकेकडून २.१ कोटी डॉलर आल्याचा दावा फेब्रुवारी २०२५ मध्ये गाजला. पुढे अमेरिकी दूतावासाने अशी रक्कम भारतासाठी आली नसल्याचं कळवलं, आणि ती माहिती सरकारने संसदेत दिली.

शेवटी, भारत फक्त घेणारा आहे असं धरून बोलू नका. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या भूतानसाठी २,१५० कोटी रुपये ठेवले होते. जतची ती मुलगी पुढच्या स्पर्धेत मिलोचा हिशेब चोख सांगून गेली. या वेळी परीक्षकांनी विचारलं, "मग आपण भूतानला द्यायचे थांबवायचे का?" या प्रश्नाचं उत्तर दोन्ही बाजूंनी लिहून काढा आणि मगच माइकसमोर जा.